अंशतः खरे आहे

विधिमंडळातील प्रश्नोत्तरांची भाषा ज्यांनी कधी वाचली नसेल, त्यांनी एकदा अवश्य वाचावी. सदस्य विचारतात, 'अमुक एक, हे खरे आहे काय?' आणि खाली मंत्रिमहोदयांचे उत्तर छापलेले असते. उत्तरांचे नमुने मोजकेच आहेत. 'हे खरे आहे', 'हे खरे नाही', 'प्रश्न उद्भवत नाही', आणि या सर्वांत मला विशेष प्रिय झालेले, 'हे अंशतः खरे आहे'. मुद्रितशोधन हा माझा तीस वर्षांचा व्यवसाय. दुसऱ्यांची वाक्ये तपासण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला या चार शब्दांतला संयम थक्क करतो. मात्र ते मी प्रथम वाचले ते वाङ्मयीन कुतूहलापोटी नव्हे. आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या जमिनीसंबंधी एका आमदारांनी विचारलेल्या तारांकित प्रश्नाचे ते उत्तर होते, आणि तो प्रश्न विचारला जावा म्हणून आम्ही जवळजवळ दोन वर्षे उंबरठे झिजवले होते. प्रश्न सभागृहात पुकारला गेलाच नाही. वेळ संपली आणि उत्तर लेखी स्वरूपात पटलावर ठेवले गेले. पूरग्रस्तांच्या संस्थांना त्यांच्या जमिनींचा पुनर्विकास करता येत नाही, हे खरे आहे काय? हे अंशतः खरे आहे.

आमची संस्था पानशेत पूरग्रस्तांची. १२ जुलै १९६१च्या सकाळी पानशेतचे अर्धवट बांधून झालेले मातीचे धरण फुटले आणि ते सारे पाणी खाली खडकवासल्यावर येऊन आदळले. १८७९ साली पुरे झालेले ते जुने दगडी धरण काही तास टिकले, मग तेही गेले. मुठेकाठच्या पेठांमधले मातीचे आणि कच्च्या विटांचे वाडे बसत गेले. लकडी पूल पाण्याखाली दिसेनासा झाला. पुणेकर वाचकांना हा इतिहास घरोघर ऐकून पाठ असतो, म्हणून तो येथे विस्ताराने सांगत नाही. चौकशीसाठी आधी बावडेकर आयोग आणि त्यानंतर नाईक आयोग असे दोन आयोग बसले, त्यांच्याविषयीही पुष्कळ लिहिले गेले आहे. आमच्या दृष्टीने महत्त्वाचा मुद्दा एवढाच की हा पूर आभाळातून आलेला नव्हता. आमच्या संस्थेचे अध्यक्ष, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो, ते प्रत्येक बैठकीत हे सांगत : "आपला पूर सरकारी आहे. धरण त्यांनी बांधलं, तेव्हा उपकाराची भाषा नको." निवेदनात हे वाक्य घालण्याचा त्यांचा आग्रह मी दर वेळी मोडून काढला. आता वाटते, एकदा घालू द्यायला हवे होते.

पुनर्वसनासाठी स. गो. बर्वे यांच्यासारखा प्रशासक पुण्याला मिळाला हे त्या काळातल्या लोकांचे भाग्य, असे अण्णा म्हणत. अण्णा म्हणजे माझे वडील. पुराच्या वेळी ते एकोणतीस वर्षांचे, एका कचेरीत कारकून, नारायण पेठेतल्या एका वाड्यात दोन खोल्यांत भाड्याने राहणारे. ज्यांची घरे गेली त्यांतल्या पुष्कळांची रवानगी पत्र्याच्या अर्धगोल निसेन हटमध्ये आणि गाळ्यांच्या वसाहतींत झाली. ज्यांना नोकरी होती, थोडा भाग-भांडवलाचा पैसा उभा करता येत होता आणि कर्जाचा हप्ता झेपणार होता, त्यांनी सहकारी संस्था काढल्या आणि सरकारने त्यांना शहराच्या तेव्हाच्या कडेला जमिनी दिल्या. अशा १०३ संस्था. आमची त्यांतली एक, पर्वतीच्या मागच्या अंगाला, सहकारनगरच्या बाजूस. अण्णांनी कर्ज काढून तेथे तीन खोल्यांचे बैठे घर बांधले. माझा जन्म वाड्यातला नाही. मला पूर ठाऊक आहे तो फक्त आमच्या पत्त्यातल्या शब्दांतून.

तो शब्द 'पूरग्रस्त'. संस्थेच्या नावात तो आहे, शिक्क्यावर आहे, शाळेच्या दाखल्यावरच्या पत्त्यात होता. लहानपणी त्याचा अर्थ विचारण्याचे कधी सुचले नाही. कोथरूड किंवा कर्वेनगर यांसारखे ते एक गावनाव असावे अशीच समजूत होती. शब्द असे झिजतात. पण कायद्याच्या कागदावरचा शब्द झिजत नाही, हे मला चाळिशी उलटल्यावर कळले.

जमीन दिली होती ती अटींवर. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ची. तिच्या भाषेत जमीन धारण करणारे भोगवटादार वर्ग १ आणि वर्ग २ असे असतात. वर्ग १ने जमीन विकावी, गहाण टाकावी, वाटेल ते करावे. वर्ग २ला यांतले काहीही करायचे तर जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी आणि वाढलेल्या किमतीतला सरकारचा हिस्सा, म्हणजे नजराणा. परवानगीवाचून केले तर शर्तभंग. काही संस्था वर्ग २च्या, काही भाडेपट्ट्याच्या. पहिली तीस वर्षे या अटींचे ओझे कोणालाच जाणवले नाही, कारण कोणाला विकायचे नव्हते आणि बांधायला पैसे नव्हते. नव्वदीच्या दशकानंतर चित्र पालटले. घरे गळू लागली, भिंतींना ओल धरली, शहाबादी फरशा खचल्या. मूळ सभासद वारले आणि एकेका भूखंडाला चार-चार, सहा-सहा वारस लागले. बांधकाम व्यावसायिक येत, चहा पीत, कागद पाहत आणि पुन्हा फिरकत नसत. बँकेत कर्ज मागायला जावे तर तेथेही तेच. निकडीत सापडलेल्या काहींनी कुलमुखत्यारपत्रावर व्यवहार केले आणि काही वर्षांनी त्यांच्या दारात नोटिसा आल्या. आमच्या गल्लीतल्या एका विधवा काकूंनी मुलाच्या औषधोपचारासाठी घर असेच दिले होते. कायद्याच्या दृष्टीने त्यांनी शर्त मोडली होती. नोटीस घेऊन त्या माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "तू पुस्तकं तपासतेस ना, मग यात काय लिहिलंय ते सांग." मी संस्थेच्या कामात पडले ती या एका वाक्यामुळे. पुढच्या वार्षिक सभेत मला चिटणीस करण्यात आले. ही गोष्ट २००६ची.

पहिले निवेदन मी लिहिले ते साडेतीन पानी होते. त्यात पूर होता, वाडा होता, पर्वतीवर धावत सुटलेली माणसे होती. काकांनी ते वाचले, चष्मा काढला आणि शांतपणे म्हणाले, "अगं, हे दिवाळी अंकाला पाठव. कक्ष अधिकाऱ्याला गहिवर नको असतो, कलम हवं असतं." बँकेतून निवृत्त झालेला हा माणूस, त्यांना फाइल कशी चालते हे ठाऊक होते. खालच्या टेबलावर जी टिपणी लिहिली जाते तीच, थोड्याफार फरकाने, वर मंत्र्यांपर्यंत जाते. तेव्हा आपले निवेदन असे असावे की टिपणी लिहिणाऱ्याला त्यातली वाक्ये उचलून ठेवता आली पाहिजेत. मुद्रितशोधकाला यापेक्षा चांगला धडा कोणी देऊ शकणार नाही. तुमचे वाक्य दुसऱ्याच्या नावावर जावे हीच त्याची सार्थकता. दुसरे निवेदन दीड पानाचे झाले. विषय, संदर्भ, महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून. पुराला त्यात एक वाक्य उरले.

आणि मागणी काय करायची हेही आम्हाला हळूहळूच कळले. सुरुवातीला आम्ही जिल्हाधिकाऱ्यांकडे परवानगी मागत होतो. ते म्हणत, अट माफ करणे माझ्या अधिकारात नाही. मग शासन निर्णय काढा म्हणालो. तेव्हा एका जाणत्या अवर सचिवांनी, ज्यांचे नाव घेणे योग्य नव्हे, दाराबाहेर येऊन समजावले की संहितेत जे नाही ते शासन निर्णयाने आणता येत नाही. उद्या कोणी न्यायालयात गेले की तो उडेल. "ताई, कायदाच बदलून घ्या," ते म्हणाले, जसे एखाद्याने म्हणावे की गळती थांबत नसेल तर कौले बदलून घ्या.

कायदा बदलून घेणे म्हणजे काय, हे नागरिकशास्त्राच्या पुस्तकात एका आकृतीत दाखवलेले असते. प्रत्यक्षात ते म्हणजे सकाळी सव्वासातची डेक्कन क्वीन. मुंबईत उतरून चालत मंत्रालय गाठायचे, सर्वसामान्यांना प्रवेश दुपारी दोननंतर, म्हणून तोवर बाहेर पाससाठीच्या रांगेच्या आसपास घुटमळायचे, आणि संध्याकाळच्या त्याच गाडीने परत यायचे असल्यामुळे काम आटोपायला हाती दोन तास. त्यांतला दीड तास साहेब बैठकीत असतात. या दोन तासांत महत्त्वाचा माणूस मंत्री नसतो, सचिव नसतो, आमदारही नसतो. आमदारांचा स्वीय सहायक असतो. प्रश्न तो लिहितो. लक्षवेधी सूचना तो लिहितो. त्याला आपले प्रकरण दोन मिनिटांत समजले तर ते सभागृहापर्यंत जाते. आमच्या प्रकरणात त्याला दर वेळी एकच अडचण येई. तो विचारी, "पण पूर तर एकसष्टचा ना? मग अजून पूरग्रस्त कसे?"

या प्रश्नाला माझ्याकडे तयार उत्तर होते. कायद्याने आम्हाला पूरग्रस्त म्हणून जमीन दिली, त्याच नावाने अट घातली, म्हणून ती अट आहे तोवर आम्ही पूरग्रस्त. तर्क बिनतोड होता. पण डेक्कन क्वीनच्या परतीच्या प्रवासात, घाट चढताना, तो मला स्वतःलाच टोचत असे. पूरग्रस्त हे नाव आम्हाला टाकायचे होते आणि ते टाकण्याची परवानगी मिळवण्यासाठी आम्ही ते छातीवर लावून हिंडत होतो.

डिसेंबरच्या अधिवेशनाला आम्ही नागपूरला गेलो तेव्हाची एक भेट सांगितली पाहिजे. तेथे अधिवेशनकाळात राज्यभरातून मोर्चे येतात आणि पोलिसांच्या कठड्यापाशी दिवसदिवस बसून असतात. आमच्याकडे आमदार निवासातून मिळालेले पास होते, त्यामुळे आम्ही कठड्याच्या आतल्या बाजूला जाणारे. चहाच्या टपरीवर एक गृहस्थ भेटले. धोतर, टोपी, हातात कापडी पिशवी, पिशवीत माझ्यासारखीच एक फाइल. कोणत्या धरणाखाली त्यांचे गाव गेले ते त्यांनी सांगितले. नाव मी येथे लिहीत नाही. मग त्यांनी विचारले :

"बाई, तुमचं धरण कोन्तं?"

"पानशेत."

"जिमीन बुडाली?"

"नाही. आमची घरं वाहून गेली. पुण्यात."

"मंग जिमीन दिली का न्हाई सरकारनं?"

"दिली. पण पूर्ण मालकीची नाही. विकता येत नाही, नवीन बांधता येत नाही."

"कुटं दिली?"

"पर्वतीपाशी."

त्यांनी चहाचा पेला खाली ठेवला आणि बराच वेळ माझ्याकडे पाहिले. त्या पाहण्यात राग मुळीच नव्हता. मग म्हणाले, "अर्धी का व्हईना, पुन्यात हाय." आणि आपली फाइल उघडून मला एक कागद दाखवला, कारण मी शिकलेली दिसत होते. तो वाचून होईपर्यंत आमची वेळ झाली आणि काकांनी हाक मारली.

त्या दिवसापासून निवेदनातला एक शब्द मला लिहिता येईना : 'अन्याय'. मी तो काढून 'अडचण' केला. समितीत यावरून भांडण झाले. एका सभासदांचे म्हणणे, अडचण म्हटल्यावर सरकार कशाला हलेल? दुसऱ्यांनी तर सुनावले की चिटणीसबाईंना व्याकरणापुढे काही दिसत नाही. मुद्दा व्याकरणाचा नव्हता. महसुली भाषेत एक शब्द आहे, 'अनर्जित उत्पन्न'. जमिनीची किंमत धारकाच्या कष्टांवाचून वाढते, ती वाढ न कमावलेली असते, म्हणून तीत सरकारचा, म्हणजे सर्वांचा, वाटा असावा. आम्ही या शब्दावर दहा वर्षे दात-ओठ खाल्ले. पण रात्री एकटीने विचार करताना मला तो पटे. आमच्या भूखंडाची किंमत वाढवण्यासाठी आम्ही काय केले होते? रस्ता महापालिकेने केला, शहर आपण होऊन आमच्यापर्यंत आले. दुसरीकडे, जी वाढ आम्ही कधी खिशात घातली नाही, जी विकल्यावाचून दिसतही नाही, तिचा हिस्सा गळक्या छपराखाली राहणाऱ्या निवृत्त माणसाने कोठून भरायचा, हेही तितकेच खरे होते. अंशतः. असो.

अण्णा या सगळ्याकडे अलिप्तपणे पाहत. पुराविषयी ते फारसे बोलत नसत, आणि बोलले तर असे काही बोलत की जे निवेदनात घालता येऊ नये. "पूर आला नसता तर मी जन्मभर भाडेकरूच मेलो असतो," हे त्यांचे ठरलेले वाक्य. काका ते ऐकले की कानांवर हात ठेवत. आमच्या सगळ्या कागदांत नुकसानीचा पाढा होता, आणि ज्यांच्या नावे तो होता ते गृहस्थ सांगत होते की पुराने मला घर दिले.

२०१२ साली जूनच्या २१ तारखेला मंत्रालयाला मोठी आग लागली आणि वरचे मजले जळाले. त्यानंतर कित्येक महिने एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत आम्हाला सांगण्यात येत होते की तुमची फाइल त्यात गेली असावी. गेली की नाही, हे आम्हाला कधीच नक्की कळले नाही. पण तिचा पुन्हा आवक क्रमांक कोणी सांगितला नाही. सारी कागदपत्रे नव्याने जुळवावी लागली. मूळ वाटपपत्र, सभासदांची १९६२ची यादी, प्रत्येकाचा पूरग्रस्त असल्याचा दाखला. घरोघर ट्रंका उघडल्या गेल्या. आमच्या घरची ट्रंक उघडली तेव्हा अण्णांचा दाखला निघाला आणि त्याखाली पुडक्यात बांधलेल्या काही भाडेपावत्या. शाई पसरलेली, कागद फुगून वाळलेला. वाड्याच्या भाड्याच्या त्या पावत्या पन्नास वर्षे का जपल्या, असे मी विचारले.

तेव्हा त्यांनी जे सांगितले ते त्यापूर्वी आईलाही ठाऊक नव्हते. पूर ओसरल्यावर तिसऱ्या दिवशी ते चिखलातून वाड्यात गेले ते दागिन्यांसाठी किंवा भांड्यांसाठी नव्हे, पावत्यांसाठी. कारण यादीत नाव घालायला आलेले लोक विचारत होते, येथे राहत होता याला पुरावा काय? पंचांगाच्या पानांत ठेवलेल्या पावत्या सापडल्या. त्या उन्हात वाळवून ते रांगेत उभे राहिले. वाड्याच्या जिन्याखाली एक बाई आपल्या दोन मुलांना घेऊन राहत असे. वाड्यातली धुणी-भांडी करायची, त्या बदल्यात जिन्याखालची जागा. तिच्याकडे पावती असण्याचा प्रश्नच नव्हता. ती अण्णांच्या मागे रांगेत उभी होती. पंचांची सही मिळाली तर तुझेही नाव लागेल, असे तिला कोणी तरी सांगितले होते आणि ती अण्णांना म्हणाली, "दादा, तेवढं सांगा की मी हितं राहात हुते." अण्णा म्हणाले, "माझं होऊ दे, मग सांगतो." त्यांचे झाले. मग पुढच्या खिडकीवर जा म्हणाले म्हणून ते पुढच्या खिडकीवर गेले. परत आले तेव्हा ती रांगेत नव्हती.

"पुढं?" मी विचारले.

"पुढं काय," ते म्हणाले. "दिसली नाही."

आमच्या प्रत्येक निवेदनात एक वाक्य होते, माझेच लिहिलेले : 'नदीकाठच्या वाड्यांमधील सर्व बाधित कुटुंबांचे शासनाने पुनर्वसन केले.' सरकारचे कौतुक केल्यावाचून मागणी करू नये या संकेताला धरून ते घातले होते. ते मी पुढच्या मसुद्यातून काढले. का काढले ते कोणी विचारले नाही आणि मीही सांगितले नाही. त्याच्या जागी काही घालण्याचे मात्र मला धैर्य झाले नाही. ज्या कागदाने आम्हाला जमीन मिळवून दिली, त्याच कागदाच्या अभावी कोणाला तरी ती मिळाली नव्हती, ही गोष्ट जमीन मागणाऱ्या निवेदनात कशी लिहावी, याचा नमुना कोठेही उपलब्ध नाही.

अण्णा २०१६ साली गेले. वारस म्हणून मी आणि भाऊ, दोघांची नावे लागण्यासाठी अर्ज केला.

कायदा अखेर बदलला. संहितेत कलम २९-अ आले, आणि त्याखालचे नियम ८ मार्च २०१९ रोजी राजपत्रात प्रसिद्ध झाले : वर्ग २च्या आणि भाडेपट्ट्याच्या जमिनी अधिमूल्य भरून वर्ग १ करता येतील. गृहनिर्माण संस्थांसाठी बाजारमूल्य तक्त्यातील किमतीच्या पंधरा टक्के, भाडेपट्ट्याची असल्यास पंचवीस. ठराविक मुदतीत भरल्यास हा दर, नंतर कितीतरी चढा. हे आमच्यामुळे झाले असे म्हणण्याचा मोह आमच्या संस्थेच्या अहवालात आवरलेला नाही. वस्तुतः मुंबईत सरकारी जमिनींवर उभ्या असलेल्या बड्या संस्थांचा रेटा आमच्यापेक्षा फार मोठा होता, आणि आमच्या डेक्कन क्वीनच्या फेऱ्यांनी त्यात कितीशी भर पडली हे सांगणे कठीण. एक मात्र खरे की त्या दिवशी संध्याकाळी राजपत्राची प्रत संस्थेच्या कार्यालयात आली तेव्हा काकांनी ती मला मोठ्याने वाचायला लावली आणि मी सवयीने त्यातला एक स्वल्पविराम सुधारला. लोक हसले. नोटीस घेऊन आलेल्या त्या काकू हसायला उरल्या नव्हत्या.

त्याच वर्षीच्या सप्टेंबरात, २५ तारखेच्या रात्री, कात्रजच्या बाजूला अतोनात पाऊस झाला आणि आंबिल ओढा फुगून आला. पुण्याच्या भूगोलाशी परिचय नसलेल्यांसाठी सांगते : हा ओढा कात्रजकडून निघून पद्मावती, अरण्येश्वर, दांडेकर पूल असा मुठेला मिळतो, आणि आमच्या संस्थेपासून दोन गल्ल्या खालून जातो. पेशव्यांनी पर्वतीच्या पायथ्याशी या ओढ्याचा प्रवाह वळवला होता, म्हणजे तो काही काल निघालेला नव्हे. पण आम्ही त्याला गटाराहून अधिक मान कधी दिला नव्हता. त्या रात्री त्याने गाड्या काड्यांसारख्या वाहून नेल्या. अरण्येश्वरापाशी भिंत कोसळून माणसे गेली. शहरात आणि आसपास वीसांहून अधिक माणसे दगावली. आमच्या संस्थेच्या खालच्या अंगाच्या चार घरांत कमरेइतके पाणी होते. पहाटे दोन वाजता विजेवाचून काळोखात मी गच्चीवर उभी होते आणि खाली कोणी तरी कोणाला तरी ओरडून विचारत होते, "धरण फुटलं का?"

दुसऱ्या दिवशी मी तेरा वर्षांची सगळी निवेदने काढून वाचली. कलमे होती, दर होते, क्षेत्रफळ, वारस, चटई क्षेत्र निर्देशांक. ओढा एकाही ठिकाणी नव्हता. आम्ही आमच्या जमिनीचे इतके वर्णन केले होते, आणि ती कोणत्या पाण्याच्या काठी आहे हे आम्हाला लिहिण्याजोगे वाटले नव्हते. बाजारमूल्याच्या तक्त्यातही त्याला रकाना नाही.

पैसे आम्ही भरले. कोणी ठेव मोडली, कोणी दागिने. दोन घरांचे संस्थेने आगाऊ भरले आणि ते अजून फिटत आहेत. मध्ये महासाथीची दोन वर्षे गेली. मिळकत पत्रिकेवरची नोंद बदलली तेव्हा नगर भूमापनाच्या माणसाने पेढे मागितले आणि आम्ही दिले. आता खालच्या चार भूखंडांवर मिळून एक सात मजली इमारत उभी राहते आहे, तळमजल्यावर घरे नाहीत, नुसत्या गाड्या. संस्थेच्या नावातून 'पूरग्रस्त' काढावे असा ठराव गेल्या सभेत एका तरुण सभासदाने मांडला, कारण त्याने सदनिकांचा भाव कमी येतो. ठराव पुढच्या सभेपर्यंत तहकूब आहे.

ओढ्याकडच्या बाजूची सीमाभिंत त्या रात्री पडली ती तशीच आहे. ती सरकारने बांधून द्यावी म्हणून मी नवे निवेदन लिहायला घेतले. या वेळी पूर पहिल्या परिच्छेदात आहे. मसुदा घेऊन काकांकडे गेले. त्यांचे वय आता नव्वदीला टेकले आहे आणि त्यांना मोठ्या टाइपात छापून द्यावे लागते. त्यांनी विषय वाचला, संदर्भ वाचला, आणि कागद माझ्याकडे परत देत म्हणाले, "अगं, पण आता जमीन आपली झाली ना? मग भिंत कोणाची?"